घरच्या खाण्याचा अभ्यास: एक वही, एक वजनकाटा आणि एक महिना

"आमच्याकडे तेल फारसं लागत नाही." "गोड तर आम्ही जवळजवळ खातच नाही." खाण्याची पाहणी करायला कुठल्याही घरी गेलं की ही दोन वाक्यं चहा यायच्या आत कानावर पडतात. बोलणाऱ्याला तसं मनापासून वाटत असतं. पण अन्न आणि संस्कृतीचा अभ्यास करणारी माणसं मत विचारण्याआधी डबे मोजतात, कोण कुणाला काय वाढतं ते बघतात, आणि मग बोलायला बसतात. हाच क्रम आपल्या घराला लावायचा असेल तर त्याची रीत खाली दिली आहे.

साहित्य थोडकं आहे. शंभर पानी वही, एक ग्रॅमपर्यंत मोजणारा पाच किलोचा काटा, मापाचे चमचे आणि महिन्याची सगळी बिलं, फोनवरून मागवलेल्या खाण्याचीही. कॅलरी मोजणाऱ्या ॲपच्या नादी सुरुवातीला लागू नका. त्यात "एक वाटी आमटी" असं लिहिलं की ते स्वतःच्या अंदाजाने एक आकडा देतं, आणि तुमची आमटी पातळ की दाट, फोडणी एक चमचा की तीन, हे त्याला कळायचा मार्ग नसतो.

महिना निवडताना सणावाराचा टाळा. जानेवारीत तिळगूळ, मेमध्ये आंबे, पाहुणे आणि वाळवणं, श्रावणात उपास, मग गणपती, मग दिवाळी. फेब्रुवारी बहुतेक घरांत साधा जातो. महाशिवरात्र त्यात आली तरी एका दिवसाने हिशेब बिघडत नाही.

डबे मोजा

पहिल्या तारखेला, स्वयंपाकाला हात लागायच्या आत, तेल, तूप, साखर, गूळ, मीठ, कणीक, ज्वारी-बाजरी, तांदूळ, डाळी, शेंगदाणे आणि चहापूड यांचं वजन करा. डब्यासकट करा आणि रिकाम्या डब्याचं वजन वजा करा. ते वजन चिकटपट्टीवर लिहून डब्याच्या बुडाला लावून ठेवलं की पुढच्या वेळचं काम निम्मं होतं. महिनाभर जे येईल ते लिहा. शेवटच्या दिवशी रात्री पुन्हा मोजा. सुरुवातीचा साठा अधिक खरेदी, वजा उरलेला साठा, म्हणजे झालेला वापर.

आता हजेरी. सकाळचं जेवण अर्धा दिवस, रात्रीचं अर्धा दिवस असं धरा. ऑफिसला नेलेला डबा घरच्यातच मोजायचा. पाहुणे जेवले की त्यांचे अर्धे-अर्धे दिवस मिळवायचे, कुणी गावाला गेलं की वजा करायचे. चौघांच्या घरात तीस दिवसांचे एकशे वीस माणूस-दिवस होतात.

तेलाचं उदाहरण घेऊ. महिन्याच्या सुरुवातीला घरात २,२०० ग्रॅम होतं, एक लिटरच्या पाच पिशव्या आल्या आणि शेवटी १,४५० ग्रॅम उरलं. तेल पाण्यापेक्षा हलकं असतं, लिटरभर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. म्हणजे खरेदी ४,५५० ग्रॅम. वापर ५,३०० ग्रॅम, भागिले १२०, म्हणजे माणशी दिवसाला ४४ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये जी आहार-मार्गदर्शिका काढली, तिच्यात दोन हजार कॅलरींच्या दिवसाला तेल-तूप मिळून २७ ग्रॅम सांगितलं आहे. आणि या ४४ ग्रॅममध्ये तूप धरलेलं नाही, बाहेरचा वडापाव किंवा फरसाणही नाही.

इथे बहुतेक जण तळणाला दोष देतात. तीन दिवस नेमकं कुठे किती जातं ते मोजून बघा. घडीच्या पोळीला आत घडीत आणि वरून मिळून अर्धा छोटा चमचा, म्हणजे सव्वादोन ग्रॅम तेल धरलं, तर चोवीस पोळ्यांना ५५ ग्रॅम गेलं. दोन्ही वेळच्या भाज्यांच्या फोडण्या ७० ग्रॅम, आमटीची २०. आठवड्याचं तळण रोजावर वाटलं तर ३० ग्रॅम. वरच्या घरातले चौघांचे १७६ ग्रॅम असे संपतात. तळणातलं तेल डोळ्यांपुढे उकळत असतं म्हणून लक्षात राहतं. पोळीच्या घडीत शिरलेलं कुणी मोजत नाही.

मिठाचा हिशेब त्याहून सोपा आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा माणशी दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चौघांना महिन्याला ६०० ग्रॅम. किलोची पिशवी महिन्यात संपत असेल तर माणशी आठ ग्रॅमच्या वर गेलात, आणि पापड, लोणचं, फरसाण, पाव यांतलं मीठ अजून बाकीच आहे. साखरेसाठी त्याच संघटनेचा हिशेब माणशी दिवसाला साधारण ५० ग्रॅमच्या आत, जमल्यास २५ ग्रॅम. त्यात गूळ आणि मधही येतात. "आम्ही साखर सोडली, गूळ खातो" म्हणणाऱ्यांनी दोन्ही डबे एका ओळीत लिहावेत.

चुका होतात त्या ठरलेल्या जागी. समईला लागलेलं तेल खाण्यात धरलं जातं. महिन्यात लोणचं घातलं तर अर्धा किलो मीठ एकदम उडतं. चकल्या करून नणंदेकडे पाठवल्या तरी त्यांचं तेल तुमच्याच नावावर बसतं. कामाला येणाऱ्या मावशींचा चहा हजेरीत नसतो. अशा गोष्टी वहीच्या उजव्या समासात तारखेसह टिपल्या की शेवटी वजा करता येतात. अंदाजाने वजा करायला गेलात की आकडा नेमका तुम्हाला हवा तेवढा खाली येतो.

बिलंही हातासरशी वेगळी करा: धान्य-डाळी, भाजी-फळं, दूध, मासे-मटण-अंडी, आणि तयार खाणं-पेयं. सरकारच्या २०२२-२३ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत देशातल्या शहरी घरांच्या एकूण खर्चात धान्याचा वाटा चार टक्क्यांच्याही आत आला होता, तर पेयं आणि तयार पदार्थांचा साडेदहा टक्क्यांच्या वर होता. आपली घडी किती वेगळी आहे ते एका पानावर दिसेल.

चोवीस तासांची आठवण

डबे घराचं सांगतात, माणसाचं सांगत नाहीत. त्यासाठी पोषण-अभ्यासातली जुनी रीत आहे: काल सकाळी उठल्यापासून आज सकाळी उठेपर्यंत काय काय पोटात गेलं, हे एकाने विचारायचं आणि दुसऱ्याने सांगायचं. स्वतःचं स्वतः लिहिण्यापेक्षा घरातल्याच कुणीतरी विचारलेलं बरं.

प्रश्न "काल काय जेवलात?" असा नको. आपल्याकडे पोळी किंवा भात पानात आला तरच ते जेवण. दोन प्लेट मिसळ खाल्लेला माणूसही "दुपारी जेवलोच नाही" असं शपथेवर सांगेल. "सकाळी उठल्यावर पहिल्यांदा तोंडात काय गेलं? मग पुढे?" असं विचारा.

पाच फेऱ्या करायच्या. पहिल्या फेरीत मधे न बोलता ते सांगतील तेवढी यादी लिहून घ्या. दुसरीत विसरलेल्या वस्तू नावानिशी विचारा: चहाबरोबरचं बिस्किट, भातावरचं तूप, मुलाच्या ताटात उरलेला घास, मीठ बघायला चाखलेली भाजी, कूट करताना तोंडात टाकलेले शेंगदाणे, देवळातला प्रसाद, सहकाऱ्याच्या वाढदिवसाचा केक, जेवणानंतरची बडीशेप. तिसरीत प्रत्येक वस्तूपुढे वेळ, जागा आणि सोबत कोण होतं ते लिहा. चौथीत किती, आणि कसं केलेलं. पाचवीत सगळं वाचून दाखवा; अजून दोन गोष्टी हमखास निघतात.

असे तीन दिवस घ्या, लागोपाठचे नकोत. एक रविवार असू द्या, आणि घरात सोमवार, गुरुवार किंवा चतुर्थी पाळली जात असेल तर तो एक दिवसही. उद्या विचारणार हे आधी सांगू नका. सांगितलं की त्या दिवशी माणसं शहाण्यासारखी खातात. एरवीही खाणं कमीच सांगितलं जातं. शरीराने खर्च केलेली ऊर्जा खुणेचे अणू असलेलं खास पाणी पाजून मोजता येते, आणि त्या चाचण्यांशी ताडून पाहिल्यावर हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे. तेव्हा आठवणीचे आकडे आणि डब्यांचे आकडे जुळले नाहीत तर डब्यांवर विश्वास ठेवा.

तिसऱ्या फेरीला लोक कंटाळतात, पण खरं घबाड तिथे असतं. "चार वाजता, ऑफिसात, सगळे उठले म्हणून" ही नोंद आठवड्यात चारदा आली तर तो समोसा भुकेचा नाही, सगळे उठण्याचा आहे. मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. स्मृती गेलेल्या दोन रुग्णांना दुपारचं जेवण झाल्यावर दहा ते तीस मिनिटांनी पुन्हा ताट दिलं. त्यांनी ते खाल्लं. पुन्हा तेवढ्याच वेळाने तिसरं दिलं, तर बहुतेक वेळा तेही खायला घेतलं. आपण थांबतो त्यात पोटाचा वाटा असतोच, पण "आत्ताच तर जेवलो" या आठवणीचाही मोठा असतो. टीव्हीपुढे बसून खाल्लेलं पहिल्या फेरीतून का गळतं, हे इथे कळतं.

मापांबद्दल एवढंच की वाटीवर विसंबू नका. एकाच मांडणीवरच्या वाट्यांत शंभर मिलिलिटरपासून दोनशेपर्यंत फरक सापडतो. वाटी काट्यावर ठेवून काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम पाणी तितके मिलिलिटर. नेहमीच्या तीन वाट्या आणि डाव एकदा मोजून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. पोळीसाठी कणकेचे दहा गोळे एकत्र तोलून दहाने भागा. हे गोळे पाणी धरून भरतात. कोरडी कणीक साधारण त्याच्या पाच-आठांश असते. भाकरीचं पीठ परातीत घेतानाच तोलायचं, कारण थापणाऱ्या हातागणिक भाकरी वेगळी होते.

वाढणारा हात बघा

ही पायरी वगळायचा मोह होतो, कारण काटा इथे चालत नाही आणि जे दिसतं ते नेहमी सुखाचं नसतं. चार जेवणं निवडा, त्यांत एक सामिष आणि एक पाहुण्यांचं. जेवताना वही काढू नका, उठल्यावर दहा मिनिटांत लिहा. कोण आधी बसलं, कोण शेवटी. कुणाला न मागता वाढलं, कुणी मागून घेतलं. जेवताना कोण किती वेळा उठलं. शेवटचं माणूस बसलं तेव्हा भांड्यांत काय उरलं होतं. कालचा भात कुणाच्या ताटात गेला.

एका मध्यम पापलेटच्या सहा तुकड्या झाल्या असं समजा: डोकं, शेपटी आणि चार मधल्या. जेवणारे चौघे. तव्यावरून उतरलेल्या पहिल्या दोन मधल्या तुकड्या कुणाच्या ताटात पडतात, तिसरी "राहू दे, रात्री खाईल तो" म्हणून कुणासाठी झाकून ठेवली जाते, आणि "मला डोकंच आवडतं" असं कोण म्हणतं, ते लिहा. डोकं खरोखर आवडणारी माणसं असतात, त्यात चवही असते. पण पुढच्या वेळी तसं म्हणणाऱ्या व्यक्तीला आधी बसवून मधली तुकडी वाढा आणि ती काय करते ते बघा. पोळ्यांचंही तेच. पहिली बिघडलेली आणि शेवटची गार पोळी कुणाची, आणि "आज मला विशेष भूक नाही" हे वाक्य नेमकं पोळ्या कमी पडल्यावरच कसं येतं.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्याची कारणं पुष्कळ आहेत, सगळी स्वयंपाकघरात नाहीत. तरीही स्वतःच्या घरातल्या शेवटच्या ताटात उसळ किती आणि आमटीचं नुसतं पाणी किती, हे माहीत असायला हवं. मोजायचं असेल तर सरळ मोजा: डाळ-उसळ, भाजी, दही किंवा मासळी यांच्या वाट्या माणशी किती पडल्या.

याच चार नोंदींत घरातले वादही सापडतील. आमटीत गूळ किती, भाजीला गोडा मसाला की कांदा-लसूण मसाला, डाळीला फोडणी की नुसतं वरण. सासरची आमटी आणि माहेरची आमटी हा काही फक्त चवीचा मामला नसतो. मानववंशशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांनी १९८१ मध्ये तमिळ ब्राह्मण घरांबद्दल लिहिताना दाखवलं की काय शिजलं, कुणाला आधी वाढलं आणि कुणाला काय नाही वाढलं, यातून माणसं मान, रुसवा आणि अधिकार बोलून दाखवतात. आपल्या जेवणाच्या टेबलाला हे लागू पडतं की नाही, ते तुमची वही सांगेल.

उपासाचं ताट तपासा

सवयी कशा घडतात हे समजून घ्यायला एकच पदार्थ उलगडायचा असेल तर साबुदाण्याची खिचडी घ्या. कागदावर घटक लिहा आणि पुढे प्रत्येकाचं मूळ. साबुदाणा कसाव्याच्या कंदापासून होतो. कसावा दक्षिण अमेरिकेचा. बटाटा तिथलाच. शेंगदाणा तिथलाच. हिरवी मिरचीही अमेरिका खंडातलीच. चारही पिकं पोर्तुगीज या किनाऱ्यावर आल्यानंतरची, म्हणजे सोळाव्या शतकाआधी आपल्याकडे कुणी ती खाल्ली असणं शक्य नाही. रताळंही त्याच वाटेने आलं. बाजारात मिळणारा साबुदाणा मुख्यतः तमिळनाडूत सेलमच्या आसपास होतो, आणि तो धंदा तिथे उभा राहिला दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, आग्नेय आशियातून येणारा माल थांबल्यावर. म्हणजे आज अगदी सनातन वाटणारा हा पदार्थ घरोघरी रुळायला फार काळ लोटलेला नाही.

मग तो उपासाला चालला कसा? नियम "धान्य नको" असा होता. नव्याने आलेले कंद आणि शेंगा धान्यांच्या जुन्या यादीत नव्हत्या, म्हणून त्यांना दार उघडं राहिलं. बहुतेक आहारनियम असेच असतात: काय खायचं ते ठरवतात, किती ते नाही. 'किती' ही बाजू आपण मोजू. कोरडा साबुदाणा ७५ ग्रॅम म्हणजे साधारण २६५ कॅलरी, दाण्याचं कूट २५ ग्रॅम १४०, तूप २० ग्रॅम १८०, बटाटा ५० ग्रॅम चाळीसच्या आसपास. एकूण सव्वासहाशे. साबुदाण्यात प्रथिनं नावालाच असतात, जी काही येतात ती कुटातून. दोन पोळ्या, भाजी आणि वाटीभर वरण हे जेवण या खिचडीहून हलकं पडतं. श्रद्धेविषयी यातून काही सिद्ध होत नाही. उपासाच्या दिवशी दुपारी झोप का येते एवढं कळतं. उपास पाळूनच बदल करायचा तर साबुदाणा निम्म्यावर आणून वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, सोबत ताक आणि काकडी, एवढं पुरे. अर्थात वरी आणि काकडी तुमच्या घरच्या यादीत बसत असली तर. यादी घरागणिक वेगळी असते. काही घरांत जिरं आणि कोथिंबीरही चालत नाही. ती यादी कुणी आखली हे विचारायचं ठिकाण पुढचं.

आजीला काय विचारायचं

"पूर्वी काय खायचात?" असं विचारलंत तर "सगळं शुद्ध होतं, घरचं तूप होतं" हेच ऐकावं लागेल. आठवणीला खुंटी द्यावी लागते. सालं कुणाला आठवत नाहीत, घटना आठवतात: १९६७ चा कोयनेचा भूकंप, १९७२ चा दुष्काळ, आणीबाणी, १९९३ चा किल्लारीचा भूकंप, घरात गॅस आला ते वर्ष, स्वतःचं लग्न. "आजी, तुझ्या लग्नात पंगतीला गोड काय होतं?" "दुष्काळात रेशनवर काय मिळालं?" "गव्हाची पोळी रोज कधीपासून व्हायला लागली, थोरल्या काकाच्या जन्माआधी की नंतर?" "दळण जात्यावर कोण दळायचं, गिरणी कधी आली?" "चहा दिवसाला किती वेळा, आणि साखरेचा की गुळाचा?" बोलणं फोनवर ध्वनिमुद्रित करा, पण विचारून. आणि शक्यतो आजी भाजी निवडत असताना बोला. समोर बसवून मुलाखत घेतली की माणसं पाहुण्यांशी बोलल्यासारखी बोलतात.

उत्तरांतून बाजार आणि सरकार डोकावायला लागतं. मुंबईत १९४३ पासून शहराला रेशनचं धान्य लागू झालं. डालडा १९३७ मध्ये बाजारात आला. अमेरिकेतून पीएल-४८० या अन्न-मदतीच्या करारावर आलेला गहू पन्नाशी-साठीच्या दशकांत रेशन दुकानांत पोचला, आणि ज्वारी खाणाऱ्या घाटावरच्या घरांतही गव्हाची पोळी पाहुण्यांपुरती न राहता हळूहळू रोजची व्हायला लागली. १९७२ ला लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी आली, दुष्काळी कामांवर सुकडी हा कोरडा पौष्टिक खाऊ वाटला गेला. मिलोच्या भाकरीचं नाव काढताच तोंड वाकडं करणारी पिढी अजून आहे, आणि त्या पिढीला आज "मिलेट खा" म्हणून सांगताना हे लक्षात ठेवलेलं बरं. तुमच्या घरी पोळी "नेहमीपासून" आहे असं वाटत असेल तर दोन पिढ्या मागे विचारा. कोकणात भात, देशावर ज्वारी, असं उत्तर येण्याची शक्यता जास्त.

एक प्रश्न जपून विचारायचा, पण विचारायचाच: काय खात नव्हतात, आणि कुणाकडचं खात नव्हतात. कुणाच्या हातचं पाणी चालायचं नाही, पंगतीत कोण वेगळं बसायचं, वशाटाची, म्हणजे मांसाहाराची, भांडी घराबाहेर का असायची, आणि ज्यांच्यावर हे लादलं गेलं त्या घरांत काय शिजायचं. महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्याने गोवंश हत्याबंदी आल्यावर काही घरांतला स्वस्त प्रथिनांचा पदार्थ एका रात्रीत गेला. त्या घरांचा अभ्यास करणाऱ्याने ही तारीख खुंटी म्हणून वापरावी. समोरच्याला बोलायचं नसेल तर वही मिटा. ऐकलेलं दुसऱ्या नातेवाइकांना सांगत सुटू नका, अभ्यास तिथेच संपतो.

आता बदल

महिनाअखेरी हातात आकडे, नोंदी आणि आठवणी असतात, आणि घरात भाषण द्यायची खुमखुमी येते. देऊ नका. मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत आयोवा इथे गृहिणींवर एक प्रयोग केला. मांसाचा तुटवडा होता, आणि काळीज, मूत्रपिंड असे नावडते भाग लोकांनी खावेत असा हेतू होता. काही गटांना चांगलं व्याख्यान दिलं. काही गटांनी आपापसांत चर्चा करून काय करायचं ते स्वतः ठरवलं. नंतर चौकशी केली तेव्हा व्याख्यान ऐकलेल्यांपैकी तीन टक्क्यांनी ते पदार्थ घरी केले होते, चर्चा केलेल्यांपैकी बत्तीस टक्क्यांनी. लेविन यांचं दुसरं म्हणणं असं की पदार्थ ताटात येण्याआधी दुकान, बाग, शीतपेटी अशा वाटांनी येतो आणि प्रत्येक वाटेवर एक राखणदार असतो. तुमच्याकडे तो कोण? किराणा भरणारे बाबा, भाजी आणणारी आई, की दोन्ही वेळच्या पोळ्या लाटून जाणाऱ्या मावशी? पोळीतलं तेल कमी करायचं ठरलं आणि मावशींना कुणी सांगितलंच नाही, ही नेहमीची गंमत.

म्हणून एकच आकडा निवडा, त्याच्या राखणदाराला बरोबर घ्या, आणि वस्तूच्या वाटेतच माप बसवा. तेलाचं असेल तर रोज सकाळी दिवसाचं तेल वेगळ्या बुधलीत काढा. माणशी २७ ग्रॅम म्हणजे चौघांना १०८ ग्रॅम, साधारण १२० मिलिलिटर. दीड महिना लागला तरी चालेल, पण ४४ वरून एकदम तिथे उडी मारू नका. आधी १७५ मिलिलिटर, दोन आठवड्यांनी १५०, मग खाली. घडीच्या पोळीऐवजी एका वेळी फुलके केले की मोठी बचत तिथेच होते. बुधली दुपारीच रिकामी झाली तर रात्री पुन्हा भरा, मात्र किती भरली ते लिहा. नाहीतर माणसं डब्यातून गुपचूप ओततात आणि वही खोटी पडते.

ज्वारी वाढवायची असेल तर आधी विचारा, भाकऱ्या थापणार कोण. "आठवड्यातून चार दिवस भाकरी" हा ठराव बहुतेक ती न थापणारेच मांडतात. तो दोन आठवड्यांत बारगळतो, त्यामागे चव नसते, संध्याकाळी सातला परातीपुढे उभं राहावं लागतं ते असतं. थापायला शिकणारं दुसरं माणूस घरात तयार होईपर्यंत ज्वारीच्या कण्या, आंबील किंवा थालीपीठ ही सोपी वाट आहे.

वाढण्यातला बदल सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात अवघड. सगळ्यांनी एकदम बसायचं, भांडी मधे ठेवायची, ज्याने त्याने घ्यायचं. पहिला आठवडा कुणीतरी उठत राहतंच.

दुसरी मोजणी तीन महिन्यांनी करावी, पण फेब्रुवारीचे आकडे मेशी ताडू नका. मेमध्ये आमरसाबरोबर पोळ्या वाढतात, मुलं दिवसभर घरी असतात, आणि पापड-कुरडयांचं तेल-मीठ मधे येतं. जून उजाडला की मोजा, किंवा थेट पुढच्या फेब्रुवारीत. तोवर डब्यांच्या बुडाच्या चिकटपट्ट्या धुताना निघू नयेत म्हणून वजनं वहीच्या पहिल्या पानावरही उतरवून ठेवा.